उशाशी ठेवलेला फोन

प्रश्न : रायगड जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या कातकरी कुटुंबांसोबत मी १७ वर्षे काम करते आहे. मालकाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही म्हणून कोणाला अडवून ठेवले की पहिला फोन मला येतो. अलीकडे धमक्यांचेही फोन येतात. रक्तदाबाची गोळी सुरू झाली आहे, झोप लागत नाही. भाचीच्या लग्नाला दोन दिवस गेले, तर सगळा वेळ अपराधी वाटत राहिले. मी भित्री झाले आहे का?
– एक कार्यकर्ती

उत्तर : ताई, धमकीचा फोन घेऊन सकाळी पुन्हा भट्टीवर जाणाऱ्या बाईला भित्री कोण म्हणेल? मला घोर लागला तो तुमच्या एका वाक्याने : ‘पहिला फोन मला येतो.’ १७ वर्षांनंतरही तो एकाच उशाशी वाजत असेल, तर ती उणीव संघटनेच्या रचनेतली आहे.

डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये पुण्यात ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, कारण कष्टकऱ्याला परवडणारे ताजे अन्न मिळणे हे चळवळीचेच काम मानले गेले. हीच आपली परंपरा कार्यकर्त्याच्या झोपेपाशी आली की गप्प होते, आणि ‘चळवळीला सुट्टी नसते’ हे आम्ही जुन्या मंडळींनीच तुमच्या कानावर घातले, याचे मला वाईट वाटते.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुलावर खून झाला. पुढे वर्षानुवर्षे त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) कार्यकर्ते दर महिन्याच्या २० तारखेला त्याच पुलावर जमत राहिले. त्यांना भीती वाटत नसेल असे मला कधीच वाटले नाही. पण तिथे कोणी एकटे उभे नव्हते.

तुमच्या येत्या बैठकीत विश्रांती हा विषय पत्रिकेवर घ्या. वेठबिगारी निर्मूलनाचा १९७६ चा कायदा, प्रांत कार्यालयातला अर्ज, वेठबिगारीतून सुटल्याच्या सरकारी दाखल्याचा, म्हणजे मुक्ती प्रमाणपत्राचा पाठपुरावा हे सारे तुमच्या एकटीच्या डोक्यात राहिले, तर तुम्हाला ताप आला की एखादे कुटुंब भट्टीवर अडकून पडेल. तेव्हा प्रत्येक प्रकरणाची वही ठेवा आणि दोन तरुणांना सोबत नेत जा, त्यांतला एक तरी कातकरी वाडीतला असावा. धमकीची तारीख, वेळ आणि क्रमांक लिहून पोलिसांत लेखी तक्रार द्या, तिची पोच घ्या. झोपेसाठी डॉक्टरांना भेटाच. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

रात्रीचा फोन तिघांत पाळीने वाटून घ्या, आणि भाचीकडे पुन्हा जाल तेव्हा तो ज्याची पाळी असेल त्याच्या हाती देऊन जा.