दऱ्या की दर्या? आणि एडिटरला ‘दऱ्या’ का सापडत नाहीत?

प्रश्न असा आहे : ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ टाइप करताना कधी कधी ‘दर्या’ उमटतं, तर दोन्हींत बरोबर कोणतं? आणि ‘दऱ्या’ हा शब्द फाइलमध्ये डोळ्यांना दिसत असतानाही एडिटर (मजकूर लिहिण्या-सुधारण्याचा प्रोग्रॅम) ‘सापडलं नाही’ असं का सांगतो?

दोन्ही शब्द बरोबर आहेत, पण ते वेगळे शब्द आहेत. दरीचं अनेकवचन दऱ्या. दर्या म्हणजे समुद्र, फारसीतून आलेला. फरक उच्चारात आहे. रफार आला की मागच्या अक्षरावर आघात येतो, म्हणून ‘दर्या’तला द गुरू. ‘दऱ्या’त तो आघात नाही, द लघूच राहतो. वृत्तात मात्रा मोजणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. भोजनाचं निमंत्रण आचार्यांना आणि स्वयंपाकाचं काम आचाऱ्यांना, इथेही सगळा अर्थ त्या एका खुणेवर उभा आहे.

ओळखायचं कसं? मूळ शब्दाकडे जा. तिथे पूर्ण ‘र’ असेल तर आडवा अर्धा र येतो : नोकरी–नोकऱ्या, दुसरा–दुसऱ्याला, करणारा–करणाऱ्यांनी. मुळातच ‘र्य’ जोडाक्षर असेल तर रफार : सूर्य–सूर्याला, कार्य–कार्यात. ‘ह’ आला की मराठी शब्दांत बहुधा आडवाच र असतो : वऱ्हाड, कुऱ्हाड, गुऱ्हाळ, बिऱ्हाड, तऱ्हा. अर्हता, गर्हणीय अशा मोजक्या संस्कृत शब्दांत मात्र रफार.

आता एडिटरचं. पडद्यावर एकच दिसणारा ‘दऱ्या’ फाइलमध्ये दोन रीतींनी साठलेला असू शकतो. पहिल्या रीतीत खाली टिंब म्हणजे नुक्ता असलेला ऱ (युनिकोड या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकात ०९३१), हलन्त म्हणजे पाय मोडण्याचं चिन्ह (०९४डी) आणि य. दुसरीत साधा र (०९३०), हलन्त, मग न दिसणारा जोडक म्हणजे झीरो विड्थ जॉइनर (२००डी) आणि य. पहिल्या रीतीत शब्दाची पाच चिन्हं होतात, यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत १५ बाइट. दुसरीत सहा चिन्हं, १८ बाइट. साधा एडिटर शोधताना चिन्हाला चिन्ह ताडून पाहतो, आकार पाहत नाही. म्हणून ‘दऱ्या’ शोधलं तर ‘दर्‍या’ हाती लागत नाही. दुहेरी ओळी काढून टाकायची आज्ञा दिली तरी हे दोन्ही शब्द यादीत तसेच राहतात. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची सोय, हीही इथे उपयोगी पडत नाही. नॉर्मलायझेशन ‘र अधिक नुक्ता’ आणि ‘ऱ’ यांना एक करतं, जोडकाच्या रूपाला हात लावत नाही.

दोन रीती का? नुक्तावाला ऱ युनिकोडच्या तक्त्यात द्राविडी भाषांतला वेगळा र लिहिण्यासाठी आहे, मराठीत तो सुटा कधीच येत नाही. पण इस्की या भारतीय मानकाला धरून त्याचं अर्धं रूप आपल्या आडव्या रसाठी ठरलं. जोडकाची रीत १९९६ च्या युनिकोड २.० शी सुसंगती राहावी म्हणून चालू ठेवली आहे. मानकाला दोन्ही मान्य आहेत. तरी आपल्या फाइलमध्ये ऱ च ठेवावा असं माझं ठाम मत आहे. कारण जोडक गळून पडतो. अदृश्य चिन्हं ‘साफ’ करणारं एखादं प्लगइन किंवा वेबफॉर्म तो काढून टाकतं, आणि दऱ्यांचा दर्या होतो. तोही शब्द शुद्ध असल्यामुळे स्पेलचेक गप्प बसतो. ऱ मध्ये गळण्यासारखं काही नसतं.

इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्डवर ‘दऱ्या’ असा लिहा : ओ (द), शिफ्ट-जे (ऱ), डी (हलन्त), तिरकी रेघ (य), ई (काना). शिफ्ट दाबायची राहिली की साधा र येतो आणि रफार उमटतो. प्रश्नातला ‘दर्या’ बहुधा असाच आलेला असतो.

जुन्या फाइलमध्ये कोणती रीत आहे हे बॅकस्पेसने कळतं. विंडोजवर शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवून दोनदा दाबा, म्हणजे काना आणि य जातील. उरलेल्या रखाली टिंब आणि हलन्त दिसला तर तो ऱ. आडवा अर्धा र तसाच लटकत राहिला तर तिथे जोडक आहे. पाहून झालं की कंट्रोल-झेड.

बदलायची रीत नोटपॅड++ हा एडिटर धरून सांगतो. आधी फाइलची प्रत काढून ठेवा आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ असल्याची खात्री करा. जोडक हातात यायला विंडोज १० चं साधं नोटपॅड सोयीचं आहे. रिकाम्या ओळीवर र आणि हलन्त लिहा, राइट क्लिक करून ‘इन्सर्ट युनिकोड कंट्रोल कॅरॅक्टर’मधून ‘झेडडब्ल्यूजे’ निवडा. हलन्ताचा पाय जाऊन आडवा र दिसला की जमलं. होम, मग शिफ्ट-एंड दाबून ओळ कॉपी करा. नोटपॅड++ मध्ये कंट्रोल-एच, वरच्या चौकटीत ते चिकटवा, खालच्या चौकटीत ऱ आणि हलन्त लिहा. ‘मॅच होल वर्ड ओन्ली’ची खूण काढायला विसरू नका, कारण हा तुकडा शब्दाच्या पोटात असतो आणि खूण राहिली तर तो सापडत नाही. मग ‘रिप्लेस ऑल’. हे वारंवार लागत असेल तर ‘मॅक्रो’ (नोंदवून ठेवलेली कृती) मेनूतून रेकॉर्डिंग सुरू करून हीच बदली एकदा करा आणि शॉर्टकट देऊन मॅक्रो जतन करा.

शोधाच्या चौकटीत नुसता जोडक कधीही टाकू नका, र आणि हलन्तासकटच टाका. ‘क्‍ष’ सारखी अर्धी रूपं मुद्दाम सुटी दाखवायला तोच जोडक लागतो, कुटुंबाच्या इमोजीतली माणसंही त्यानेच एकत्र बांधलेली असतात. सरसकट काढलात तर ती विखुरतात.

ज्या शब्दांतला जोडक आधीच गळला आहे, ते यंत्राला ओळखता येत नाहीत. बदली झाल्यावर ‘र्ह’ शोधा, अर्हता-गर्हणीय सोडून बाकी जवळजवळ सगळे चुकलेले निघतील. ‘र्या’ला असा आडाखा नाही. तिथे प्रत्येक जागी थांबून, दर्या की दऱ्या, हे वाक्य वाचूनच ठरवावं लागतं.