पॅरिश कौन्सिलवर नवीन आलात?
इंग्लंडातल्या खेड्यात पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेवर, निवडून आलात, अभिनंदन! मे महिन्यातल्या वार्षिक बैठकीत सर्वांत आधी अध्यक्षाची निवड होते. ते पटकन उरकतं. खरा कस हिवाळ्यात लागतो. प्रिसेप्ट, म्हणजे कौन्सिल टॅक्समधला (घरांवरच्या स्थानिक करातला) आपला वाटा, साधारण जानेवारीत ठरतो. म्हणून नोव्हेंबरातच क्लार्कसोबत (कौन्सिलचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यासोबत) बसा. गवतकापणी, विमा, खेळाच्या मैदानाची डागडुजी, सगळे आकडे स्वतः तपासा, कारण एकदा प्रिसेप्टची मागणी गेली की वर्षभर त्यातच भागवायचं. सरलेल्या आर्थिक वर्षाचे हिशेब ३० जूनपर्यंत मंजूर करावे लागतात. बांधकाम परवानगीवर आपण फक्त मत देतो, निर्णय वरच्या कौन्सिलचा. गावकऱ्यांना हे आधीच सांगा, नाहीतर बोलणी तुम्हालाच! आणि विषयपत्रिकेत नसलेल्या विषयावर ठराव होत नाही, तेव्हा क्लार्कला वेळेत कळवा.