रिपोर्ट चांगले, तरी उठावंसं वाटत नाही: माझा अनुभव

ताई, "रक्तातली सूज दाखवणारा ईएसआर 18 वर आला, बोटांची सूज उतरली, तरी सकाळी उठायची इच्छा होत नाही, घरी कोणाला सांगू?" हे तुमचं वाचता वाचता माझा चहा गार झाला. मला आमवाताला, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या संधिवाताला, अकरा वर्षं झाली. सासूबाईंचं वाक्य अजून कानात आहे, "रिपोर्ट तं चांगला आला नं वं, मंग कायले रडून रायली?"

आमवाताची मेथोट्रेक्सेट गोळी, सोबतचं फोलिक ॲसिड, डोळ्यांची तपासणी हे तुम्हाला माहीत असणारच, सोडते. मी डॉक्टर नाही. माझी चूक तेवढी सांगते, ती मला दीड वर्षाला पडली.

ओपीडीत 0 ते 100 ची रेघ असलेला कागद मिळतो ना, आजाराचा एकूण त्रास किती म्हणून? मी सरळ 80 वर फुली मारायची. सांधे तेवढे दुखत नव्हते. पण पहाटे तीनला झोप उडायची, भुलाबाईची गाणी खालून ऐकू आली तरी गॅलरीत जावंसं वाटलं नाही, हे लिहायला त्या कागदावर दुसरी जागाच नव्हती. आजार किती जोरात आहे ते सांगणारा डीएएस28 चा आकडा 28 सांधे, रक्ताचा रिपोर्ट आणि ही आपली फुली मिळून निघतो, हे मला कुठे माहीत! फुलीमुळे आकडा वर, आकडा वर म्हणून औषध वाढलं. पुढच्या खेपेला आणखी एक गोळी जोडली. मळमळ, केसांचे पुंजके, आणि मन होतं तिथेच. मग महागड्या इंजेक्शनची गोष्ट निघाली, नवरा एफडी मोडायला निघाला. त्या दवाखान्याचा राग आहेच, दोन मिनिटांत पुढचा नंबर. पण "कसं आहे?" ला "ठीक आहे" मीच म्हणत होते.

शेवटी एका नव्या डॉक्टर मुलीनं सांधे दाबून पाहिले. सुजलेला एकही नाही. तिनं रेघ पाहिली, मला पाहिलं, म्हणाली, "काकू, आधी आवडायचं ते आता करावंसं वाटतं का?" मी तिथेच रडले. तिनं नैराश्य मोजणारा नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतला, 27 पैकी 17. मानसोपचाराची गोळी सुरू झाली. तीन आठवडे काहीच नाही, मी बंद करणार होते. सहाव्या आठवड्यात कोणी न सांगता पाटवडीचा रस्सा केला. पुढची फुली 35 वर, सांध्याचं औषध न वाढवता.

तुमचंही हेच असेल असं नाही. सूज खरीच असू शकते, म्हणून कुठलीही गोळी मनानं कमी करू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून घ्या, आणि स्टेरॉइड चालू असेल तर मूडबद्दल विचारा. टीएनएफ, आयएल-6 ही सूज वाढवणारी रसायनं मनावरही परिणाम करतात असं मला समजावलं होतं. "मन खंबीर ठेव" म्हणणाऱ्यांना हे ऐकवा, मी ऐकवते.

ऑफिसचं तर विचारूच नका. सकाळी दीड तास बोटं आखडलेली, दहाच्या ठोक्यानंतर हजेरीचं मशीन अंगठा घेत नाही, अर्धी सुट्टी कापली. डॉक्टरांचं पत्र नेलं तर म्हणे, यात सांध्याचं लिहिलंय, उशिराचं नाही!

मानसोपचाराच्या डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवा, रोजची दुखण्याचीसुद्धा. नैराश्याच्या काही गोळ्यांसोबत आयब्युप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी घेतली की पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. जगू नये असं मनात आलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. मी रात्री तीनला लावलाय.

आणि हो, त्या 28 सांध्यांत पावलं आणि घोटे येत नाहीत. तळपाय दुखत असतील तर वेगळं सांगा, नाहीतर कोणी मोजणार नाही. बोटांवर ताण नको, म्हणून कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत असाल तर ते आजच बंद करा, नळाला लांब पाइप लावून घ्या.