६२ किलो वजनाला रोज १८० ग्रॅम प्रोटीन? ट्रेनर खरं बोलतोय का?

तू लिहिलंयस की वजन ६२ किलो, खाणं शाकाहारी, आणि ट्रेनर म्हणतो रोज १८० ग्रॅम प्रोटीन हवं, नाहीतर व्यायाम फुकट. वर प्रोटीन पावडरचा डबाही त्याच्याकडेच मिळतो. हे शेवटचं वाचलं आणि मी लिहायलाच बसलो.

आकडा देऊन टाकतो: १०० ग्रॅम. किलोमागे १.६. २०१८ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये ४९ प्रयोगांचा एकत्र हिशोब आला होता, त्यात साधारण इथेच गाडी थांबते, ह्याच्या वर खाऊन स्नायू आणखी वाढत नाहीत. अगदी सढळ हाताने धरलं तरी २.२, म्हणजे तुला १३६. १८० कुठून आले ते त्यालाच विचार.

१९९८ साली मी काळाचौकीच्या चाळीत राहायचो. फोर्टला कुरियर ऑफिसात नोकरी, पगार ३,२०० रुपये. दादरला पहिल्या मजल्यावर एक जिम होती, तिथल्या सरांनी माझा दंड दोन बोटांत धरला, "खाणं नाय तुझं" म्हणाले आणि कपाटातून १,४०० रुपयांचा डबा काढून दिला. घरी सांगायची सोय नव्हती. दहा बाय बाराच्या खोलीत लपवणार कुठे? माळ्यावर ठेवला. गणपतीचं मखर काढायला दादा वर चढला आणि डबा घेऊनच उतरला.

बाबा गिरणीतले, ८२ च्या संपानंतर वॉचमन. त्यांनी डबा फिरवून पाहिला, केवढ्याला ते विचारलं आणि गप्प बसले. दादा मात्र गॅलरीत उभा राहून बोलला. "बाबा भिजवलेल्या हरभऱ्यांवर जोर मारायचे, ह्याला पावडर लागते!" तेव्हापासून मी पावडर-पैलवान. अजूनही दर गणपतीत तो पोरांना ही गोष्ट सांगतो आणि दर वर्षी डब्याची किंमत वाढते. मागच्या वेळी पाच हजार झाली होती.

तीन डबे संपवले. दंड तेवढेच राहिले, पोट सुटलं. पुढे खूप वर्षांनी त्यातला एक डबा हाती लागला, आईने त्यात कडवे वाल भरले होते. तेव्हा पहिल्यांदा मागचं लेबल वाचलं. १०० ग्रॅममध्ये प्रोटीन १६, बाकी बहुतेक साखर. म्हणजे माझ्या ५० ग्रॅमच्या ग्लासात आठ ग्रॅम! आणि तो पिऊन भूक मरायची म्हणून आईच्या कालवणातला बांगडा मी दादाच्या ताटात सरकवायचो. एका बऱ्यापैकी बांगड्यात त्याच्या दुप्पट प्रोटीन असतं. तो खाऊन दादा मला हसायचा.

पण दादाही चूकच. मूठभर हरभरे म्हणजे कोरडे ३० ग्रॅम, प्रोटीन सहा. बाबांचं अंग त्यावर बनलं नव्हतं. रोजचे जोर होते, आणि घरात आठवड्यातून चार दिवस सुकट नाहीतर बोंबील असायचा, ते हा सांगत नाही.

तुझं बघ. कोरडे सोया चंक्स ५० ग्रॅम घेतले की २६ ग्रॅम प्रोटीन, १०० ग्रॅम पनीर १८, अर्धा लिटर दूध १६, पाच पोळ्या १५, फुटाणे ५० ग्रॅमचे १०. वरणाच्या वाटीवर भिस्त ठेवू नकोस, आपलं पातळ वरण म्हणजे पाच ग्रॅम. दोन वाट्या धरून ९५ झाले. सगळं रात्री एकदम नको, तीन-चार वेळा वाटून खा. सोया रोज नको वाटला तर एक स्कूप व्हे घे, साधारण २४ ग्रॅम मिळतात. व्हे म्हणजे चीज करताना दुधातून सुटणारं पाणी, त्यातलं प्रोटीन गाळून वाळवलेलं. घरी पनीर केल्यावर आई त्या पाण्यात कणीक भिजवते, त्याला कोणी केमिकल म्हणत नाही. दादा म्हणतो. लेबलावर पहिल्या दोन नावांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भुकटी, साखरेचीच बहीण) दिसलं की डबा ट्रेनरला परत दे.

आणि व्यायाम न करता १०० ग्रॅम खाऊन दंड येत नाहीत. नुसतं जगायला हैदराबादच्या पोषण संस्थेच्या हिशोबाने किलोमागे ०.८३ पुरतं. वय वाढलं की थोडं जास्त लागतं, हे मी दादाला तीन वर्षं सांगतोय. ५८ चा आहे, जिन्यात दोनदा थांबतो, आणि संध्याकाळी चहा-खारी.

एक राहिलं. धडधाकट माणसाच्या किडन्या एवढ्या प्रोटीनने जात नाहीत, पण घरात कुणाला किडनीचा त्रास असेल, शुगर-बीपी असेल, तर त्याने आधी क्रिएटिनीन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) करून डॉक्टरला विचारावं. दादाचं मी स्वतः नेऊन तपासलं. नॉर्मल आहे. आता त्याच्याकडे पनीर न खायला कारण उरलेलं नाही.