मास्क धुळीचा, काम थिनरचं

रबाळे एमआयडीसीत स्प्रे पेंटिंगचं काम करतो. रोज नवा एन-95 मास्क मिळतो, तरी थिनरचा वास येतोच आणि दुपारनंतर डोकं जड होतं. मास्क डुप्लिकेट असेल का?

मास्क अस्सल असला तरी वास येणारच. एन-95 मधलं कापड धुळीचे बारीक कण, अगदी 0.3 मायक्रॉनच्या आसपासचेसुद्धा, किमान 95 टक्के अडवतं. थिनरमधल्या टोल्युइन-झायलीनची वाफ म्हणजे कण नव्हेत, ती कापडातून आरपार जाते. तुम्हाला हवा रबरी किंवा सिलिकॉनचा हाफ-फेस मास्क, त्याला सेंद्रिय वाफांचं, म्हणजे कोळशाचं कार्ट्रिज आणि पेंटच्या फवाऱ्यासाठी त्यावर प्री-फिल्टर. प्री-फिल्टर नसेल तर कार्ट्रिजचं तोंड रंगानं लवकर चोंदतं आणि श्वास घ्यायला जोर लागू लागतो.

दुकानात रंग बघून कार्ट्रिज उचलू नका. युरोपीय पद्धतीत सेंद्रिय वाफेला तपकिरी पट्टा आणि ‘ए’ अक्षर असतं, तर अमेरिकन पद्धतीत काळा पट्टा. पांढरा पट्टा एकीकडे धुळीचा, दुसरीकडे आम्लवायूचा. दोन्ही पद्धतींचा माल बाजारात असतो, त्यामुळे वरचा मजकूर वाचूनच घ्या.

खरी गडबड होते ती शिफ्ट संपल्यावर. मास्क रंग मारायच्या बूथशेजारच्या खिळ्याला टांगला जातो आणि उघडा कोळसा रात्रभर हवेतली वाफ शोषत राहतो. पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवाही कोळशातली जागा अडवते. सकाळी हातात येतं ते अर्धं संपलेलं कार्ट्रिज. काम संपलं की मास्क पुसून झिपच्या पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कार्ट्रिजवर उघडल्याची तारीख मार्करनं लिहा आणि उत्पादकाच्या तक्त्यावरून बदलायचा दिवस आधीच ठरवा. ‘वास आला की बदलू’ हा हिशेब चुकीचा, कारण नाक सरावतं. मात्र मास्कच्या आत वास आलाच तर तारीख न बघता बाहेर या.

घातल्यावर दर वेळी दोन तपासण्या करा. कार्ट्रिजवर तळवे दाबून हळू श्वास आत घ्या: मास्क चेहऱ्याकडे ओढला जाऊन दहाएक सेकंद तसाच राहिला पाहिजे. मग उच्छ्वासाची झडप झाकून हलकेच श्वास सोडा: मास्क किंचित फुगावा, कडेनं हवा सुटू नये. दोन दिवसांची दाढी असली तरी ही तपासणी फसते, रबर कातडीला टेकतच नाही.

हार्डनर मिसळायचा दोन-भागी पीयू (पॉलियुरेथेन) पेंट मारत असाल तर मात्र साध्या कार्ट्रिजच्या भरवशावर राहू नका. त्यातल्या आयसोसायनेटचा वास इशारा म्हणून कामाचा नाही आणि त्यानं कायमचा दमा जडू शकतो. तिथे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा एअरलाइन मास्क लागतो. बूथचा एक्झॉस्ट बंद पडलेला असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या. मास्कचा नंबर त्यानंतर लागतो.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये ‘हातमोजे सगळीकडे सक्तीचे’ असा बोर्ड लागलाय. जुने कारागीर मात्र ड्रिल मशीनवर ते काढून ठेवतात. बरोबर कोण?

जुने कारागीर. फिरत्या बिटात मोज्याचा धागा अडकला की हात काढायला वेळच मिळत नाही, मोज्यासकट मनगट ओढलं जातं. लेथवरही हेच. बाह्या घट्ट, अंगठी-कडं काढलेलं, चष्मा डोळ्यांवर आणि चिप काढायला ब्रश. पत्रे उचलताना मात्र कापरोधक मोजे घालाच. बोर्डावर ‘फिरती मशीन सोडून’ एवढं लिहून घ्या.

महापेला पार्ट अ‍ॅसिटोननं पुसतो. नायट्राइलचे निळे मोजे थोड्या वेळात चिकट आणि सैल होतात.

अ‍ॅसिटोनपुढे नायट्राइल टिकत नाही. मोजा फाटायच्या आधीच अ‍ॅसिटोन आत झिरपू लागतं. ब्युटाइल रबराचे मोजे घ्या. पण टोल्युइनला ब्युटाइलही चालत नाही, म्हणून मोजा निवडायच्या आधी रसायनाचं नाव बघावं.

पावणे येथे पावसाआधी शेडचे सिमेंटचे पत्रे बदलायचे आहेत. शेडची उंची 5 मीटर. ठेकेदाराच्या माणसांकडे हार्नेस, म्हणजे पडताना अडवणारे अंगावरचे पट्टे, आहेत. एवढं पुरे?

नाही. आणि 5 मीटरला तर हिशेबच बसत नाही. हूक पायाशी अडकवला, तर 2 मीटरची दोरी, धक्का शोषताना 1.75 मीटरपर्यंत उलगडणारा शोषक, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर आणि पायाखाली आणखी एक मीटर मोकळी जागा धरली की सव्वासहा मीटर होतात. म्हणजे हार्नेस घातलेला माणूस जमिनीवर आपटणार. हूक डोक्याच्या वर, स्वतंत्रपणे भक्कम बांधलेल्या सुरक्षा-दोरीला (लाइफलाइनला) असावा. पन्हळ किंवा पाइप यांना तो अडकवायचा नाही.

त्याहून मोठा धोका पत्र्याचाच. जुना सिमेंट पत्रा माणसाचं वजन घेत नाही, तो फुटतो. पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या आधारांवर, टेकतील अशा फळ्या टाकून त्यांवरूनच चाला आणि खाली जाळी बांधा. शेडमध्ये बूम-लिफ्ट (माणसाला वर नेणारी पाळण्याची गाडी) शिरत असेल तर काम खालूनच करा, ते सगळ्यात चांगलं.

पट्टे रोज बोटांनी चाचपा: शिवण उसवलेली, वेल्डिंगची ठिणगी लागलेली, आम्लानं कडक झालेली असेल तर हार्नेस बाद. एकदा पडलेल्याला अडवलेला हार्नेस दिसायला नवा असला तरी बाद. लटकलेला माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो, म्हणून त्याला उतरवायची शिडी आणि माणसं आधी ठरवा, मगच पहिला पत्रा उचला.

तुर्भ्यात ठेकेदार सेफ्टी बुटांचे पैसे पगारातून कापतो.

कापता येत नाहीत. 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 114 मध्ये तसं स्पष्ट म्हटलेलं होतं आणि कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या 2020 च्या नव्या संहितेतही सुरक्षेसाठी दिलेल्या वस्तूंचे पैसे कामगाराकडून घ्यायला मनाई आहे. कपातीची नोंद असलेली पगारपत्रकं जपून ठेवा. आधी मूळ कंपनीच्या व्यवस्थापनाला लेखी कळवा, तरी थांबलं नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, म्हणजे ‘डिश’कडे, त्याच पत्राची प्रत जोडून तक्रार करा.