युरोपियन युनियन बातम्यांत खलनायक का दिसते?

प्रश्न असा आहे की लोकानुनयी नेते आणि युरोपियन युनियनसारख्या संस्था यांचं चित्र माध्यमं कसं रंगवतात. आम्हा रावेर-यावलकडच्या लोकांना हे केळीवरून चटकन कळेल. 1994 मध्ये युनियनने केळीच्या प्रतवारीचा नियम केला: लांबी किमान 14 सेंटीमीटर, वाकडेपणा बेढब नको. निर्यातीचा माल निवडताना आपणही असंच काहीसं बघतो. शिवाय दुसऱ्या प्रतीत आकाराचे दोष चालत होतेच! तरी ब्रिटनमधल्या काही वर्तमानपत्रांनी 'वाकड्या केळीवर बंदी' असं ठोकून दिलं. ब्रिटनने युनियनमध्ये राहावं की नाही, यावरच्या 2016 च्या सार्वमताच्या प्रचारात बाहेर पडण्याच्या बाजूचे नेते बोरिस जॉन्सनही केळीच पुढे करत होते.

नेत्याला चेहरा असतो, भाषण असतं. समितीच्या मसुद्याला काहीच नसतं. त्यात सदस्य देशांचे मंत्री युनियनचं मुख्यालय असलेल्या ब्रुसेल्सच्या बैठकीत स्वतः मत देतात आणि घरी येऊन खापर ब्रुसेल्सवर फोडतात. बातमीत बहुधा तेवढंच उरतं.

उलट बाजूही आहे. अशा नेत्याला मत देणाऱ्यांना सरसकट अडाणी ठरवणारे लेख मला अजिबात पटत नाहीत. बंद पडलेल्या कारखान्याचं दुःख खरंच असतं. पण खापर बाहेरच्या संस्थेवर फोडणं सोपं असतं, म्हणून डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना) आणि कापसाची बातमी आली की मी आधी शोधतो, त्या बैठकीत आपल्या सरकारने काय भूमिका घेतली.