पोलीस फाइल मागायला येतात तेव्हा

(इंदूरच्या मराठी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांना उत्तरं)

प्रश्न : रामबागेत माझा दवाखाना आहे. परवा थान्यातून शिपाई आला, म्हणाला, टीआय (ठाणेप्रमुख) साहेबांनी अमक्या पेशंटची फाइल मागवलीय. हातात कागद नव्हता. मी दिली. चुकलं का?

उत्तर : हो डॉक्टर, चुकलं. तोंडी निरोपावर फाइल द्यायची नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ९४ खाली ठाणेप्रमुख लेखी आदेशाने कागद मागवू शकतो, आणि तसा आदेश आला तर 'गोपनीय आहे' एवढं म्हणून सुटका नाही. अशिलाचं गुपित राखायला वकिलाला कायद्याचं कवच आहे, आपल्याला ते नाही. म्हणूनच आदेश अक्षर न् अक्षर वाचायचा. अपघाताच्या जखमांची नोंद मागितली असेल, तर त्याच फाइलमधला चार वर्षांपूर्वीचा गर्भपात किंवा झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी त्यासोबत का जावी? मागितलं तेवढंच द्या, प्रत द्या, पोच घ्या. एचआयव्हीची माहिती तर पोलिसांच्या पत्रावरही द्यायची नाही. २०१७च्या कायद्याप्रमाणे त्याला पेशंटची लेखी संमती किंवा कोर्टाचा आदेश लागतो.

कॅज्युअल्टीत मी हे डोळ्यांनी पाहिलंय : शिपाई काउंटरला रेलून मोबाइलवर फोटो काढतोय आणि रिसेप्शनवरची मुलगी घाबरून एकेक पान उलटून धरतेय. तिचा काय दोष? तिला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. तुमच्याकडच्या मुलीला आजच सांगून ठेवा : 'लेखी आणा, डॉक्टरांना भेटा.'

प्रश्न : सतरा वर्षांची मुलगी आईबरोबर आली, दिवस गेलेत. मुलगा तिच्याच कॉलेजातला, जे झालं ते तिच्या मर्जीनं. दोघी हात जोडतात, पोलिसांत नको म्हणतात.

उत्तर : पॉक्सो, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणारा कायदा, त्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण सप्टेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या अशाच मुलींचा विचार केला : मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव, ओळख देण्याची गरज नाही. हे त्या दोघींना समोर बसवून, सावकाश सांगा. नाहीतर त्या उठून जातील, आणि कुठल्या दाईच्या हाती पडतील या विचारानेच माझ्या पोटात गोळा येतो.

प्रश्न : चाकूचा वार घेऊन आलेला माणूस एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद) नको म्हणतो.

उत्तर : एमएलसी करायचीच. पण आधी टाके. उपचार पोलिसांसाठी थांबत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयात परमानंद कटारा खटल्यात १९८९मध्येच ठरलंय.

प्रश्न : माझ्या मुलानं उंदराचं औषध खाल्लं होतं, आता बरा आहे. हॉस्पिटलनं पोलिसांना कळवलं. त्याच्यावर केस होईल का?

उत्तर : ताई, जीव द्यायचा प्रयत्न केला म्हणून केस होणार नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरतात, आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं जुनं ३०९ कलम नव्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलंच नाही. हॉस्पिटलं अजूनही कळवतात, कारण कुणी पाजलं असेल का, हे पोलिसांना पाहायचं असतं. जबाब घ्यायला आले तर मुलगा शुद्धीवर आणि शांत आहे का, ते आधी डॉक्टरांना ठरवू द्या. मानसोपचारतज्ज्ञांकडे तो जे बोलला ते त्या जबाबाचा भाग नाही, कुणी विचारलं तरी तुम्ही सांगू नका. पुढच्या तपासणीला त्याच्याबरोबर जा, पण आत त्याला एकट्याला बोलू द्या.